पहिलं रगत मास्तरांनी काढलं

हसायचं ते शेवटी हसा. मध्येच हसलात तर मी थांबेन, आणि तुमचा चहा फुकट गार होईल. तर, जखमी रानडुकराच्या मागावर मी गेलो होतो. हो, मीच. भाला पोशामामाच्या हातात होता, पण पुढे मी होतो. आणि माग मी शेवटपर्यंत काढला, अर्धवट सोडला नाही. तो कुठे निघाला, ते मात्र एवढ्यात विचारू नका.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचा पाडा कोपरखैरण्याच्या मागे, पारसिकच्या डोंगराला पाठ टेकून बसलेला. बावीस घरं. डोंगराच्या अंगाला भाताची खाचरं, खाडीच्या अंगाला मिठागरं. मी मिठागरावर देखरेखीला होतो. शिक्षण चौथी. मास्तर मी जन्मात नव्हतो. पण कोणाकडे पाहुणा आला, कोणाच्या चुलीवर काय शिजलं, कोणाची सून रुसून माहेरी गेली, ही सगळी चौकशी माझ्याकडे. म्हणून लोकांनी नाव ठेवलं चौकशीमास्तर. पुढे चौकशी गळाली, मास्तर उरलं.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा मुंबईला गिरणीत, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. एका माणसाची भाकरी थापायला कितीसा वेळ लागतो? आणि खायला? त्याहून कमी. मग उरलेला दिवस घालायचा कुठे? मी पान लावायचो, चांगला कात-चुना घालून, गालात धरायचो आणि निघायचो. पहिलं दार, दुसरं दार, तिसरं दार. "काय, जेवलात का?" एवढंच विचारायचं. आतून उत्तर यायचं, "जेवलो, मास्तर." पुढच्या दाराला. कोणी चुकून उलट विचारलं, की तुम्ही जेवलात का, तर तिथे माझा अर्धा तास जायचा.

आता धर्मादादा. माझा शेजारी, मध्ये फक्त निवडुंगाचं कुंपण. त्याच्याकडे एकनळी बंदूक होती, पिकाच्या राखणीसाठी सरकारी परवाना होता. आश्विनात भात पिवळं पडलं की डोंगरातून डुकरं उतरायची. धर्मादादा खाचरातल्या राखणीच्या माळ्यावर बसायचा. डुक्कर जागच्या जागी पडलं तर उत्तम. जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरलं, तर मात्र वाघ परवडला म्हणा. ते पळून जात नाही हो. स्वतःच्याच मागावर तोंड करून बसतं आणि येणाऱ्याची वाट बघतं. सुळा लागला की मांडी केळीसारखी सोलून निघते.

म्हणून पाड्याचे नियम होते. गोळी लागली की लगेच मागे जायचं नाही, दोन चिलमी होईपर्यंत बसायचं. माग काढताना बोलायचं नाही. एकाने जमिनीवर बघायचं, दुसऱ्याने फक्त पुढे. जिथे रक्त दिसलं तिथे झाडाचं पान ठेवून वर दगड ठेवायचा. जाळी आली की आधी दगडाने आत जायचं, माणसाने मागून.

आणि शेवटचा नियम. जे मागावर गेले, ते त्या संध्याकाळी शिकाऱ्याच्या अंगणात एका पंगतीला जेवायचे. ज्याने पहिलं रगत दाखवलं, तो शिकाऱ्याच्या उजव्या हाताला बसायचा.

कुंपणापलीकडून ती पंगत मी तीन वर्षं ऐकत होतो. वास यायचा, हसणं यायचं. डुकराचं मटण मला फार आवडतं असंही नाही. पण इकडे मी चुलीपुढे एकटा आणि तिकडे दहा जणांच्या तोंडांचा तो चप-चप आवाज. त्या पंगतीत मला बसायचं होतं. बाकी काही नको होतं.

त्या दिवशी पहाट फुटताना बार ऐकू आला. मी उठलेलोच होतो, पानही गालात होतं. तडक खाचराच्या बांधावर गेलो. धर्मादादा माळ्याखाली बसून चिलीम भरत होता. मला बघून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, डुक्कर मोठं आहे, एकटं आहे, पोटात लागलंय, वर करवंदीच्या जाळ्यांकडे गेलंय, आणि मास्तर, तुम्ही घरी बसा.

घरी? एवढी बातमी पोटात घेऊन घरी बसवेल का कोणाला? मी पाड्यात फिरलो. दारोदार जाऊन सांगितलं, बाहेर पडू नका, पोरांना सोडू नका, डुक्कर जखमी आहे. त्या दिवशी मला कोणीही "जेवलो, मास्तर" म्हणून वाटेला लावलं नाही. प्रत्येक दारात दोन-दोनदा विचारलं, कुठे लागलंय, केवढं आहे. मी सुळे हातभर केले. पोशामामाच्या दारात पोचेपर्यंत ते दोन हात झाले.

दोन चिलमी संपल्या तेव्हा मी परत बांधावर हजर. धर्मादादा, त्याचे दोन भाऊ, आणि भाला घेतलेला पोशामामा. मामा सत्तरीचा, गुडघे गेलेले, पण जमीन वाचावी तर त्यानेच. मी धर्मादादाच्या पाया पडायचा बाकी होतो. शेवटी तो कंटाळून म्हणाला, सगळ्यांच्या मागे राहा आणि तोंड बंद ठेवा.

तोंड मी बंदच ठेवलं होतं. आत पान होतं ना.

पहिले थेंब दिसले ते खाचराच्या वरच्या कडेला, काळपट. पुढे कातळ लागला आणि माग तुटला. धर्मादादाने शेवटच्या थेंबावर पान ठेवलं, पानावर दगड ठेवला, आणि भाऊ दोन्ही बाजूंनी अर्धगोल फिरायला निघाले. बोलणं नाही, फक्त हातवारे. मी चार पावलं खाली सरकलो. आणि बघतो तर काय, बांधावरच्या दगडावर लालभडक शिंतोडा! तिथून तीन पावलांवर दुसरा. सहा पावलांवर तिसरा. सरळ पाड्याच्या दिशेने.

मी बोललो नाही. नियम म्हणजे नियम. दोन्ही हात वर करून नाचलो.

धर्मादादा आला. वाकला. बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग वर करवंदीच्या जाळ्यांकडे बघितलं. पोशामामाच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटला. मामाने मिशीवरून हात फिरवला आणि मान हलवली.

"मास्तर, पहिलं रगत तुमी काढलंत," धर्मादादा म्हणाला. "आता हा माग तुमचा. मामाला घ्या नि खाली जा. आमी वरची बाजू धरतो."

तुम्हीच सांगा, माझी छाती किती फुगली असेल? मी एवढंच विचारलं, की जखमी डुक्कर गावाकडे कशाला जाईल? मामा म्हणाला, जखमी जनावर उतार धरतं, त्याला पाणी लागतं. पटलं मला. का नाही पटणार?

आम्ही उतरलो. मी वाकून जमिनीवर बघतोय, मामा भाला टेकत मागून. विहिरीपाशी शिंतोडा. चिंचेखाली दोन. मग पहिल्या घराच्या दारात चांगला मोठा. मामा गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि हळूच बोलला.

"इथं थांबला व्हता."

"दारात?"

"दारात. पाय घासलेत बघा. कोन बाहेर येतंय का, वाट बघत व्हता."

पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारातही तेच. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, मामा, हे कसलं डुक्कर, जे घराघरांपुढे उभं राहतं? मामा म्हणाला, कळपातून फुटलेलं आहे, जोडी मेलेली असणार, अशी जनावरं माणसाच्या वाऱ्याला राहतात. मग आम्ही मामाच्याच दारापुढे आलो. तिथे तर ओटीखालचा सगळा दगड लाल.

"इथं लय वेळ काढलान," मामा म्हणाला. "जखम खोल हाय, मास्तर. वरून दिसत नाय."

मला त्या डुकराची दया आली. खरंच सांगतो. आवंढा गिळायचा तर तोंडात पान.

माग पुढे गेला, वळला, निवडुंगाच्या कुंपणाला लागून चालला आणि माझ्या मागच्या दारात जाऊन थांबला. तिथे शिंतोडे किती, ते मोजायची सोय नव्हती. नवे, जुने, वाळलेले, एकावर एक.

डुक्कर माझ्या घरात शिरलं होतं!

आता नियम आठवा. जाळी आली की आधी दगड. मी धोंडा उचलला आणि अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीतून आत भिरकावला. आत धडाडधूम झालं. माझा रांजण फुटला होता, पण ते मला काय ठाऊक? भुईची माती घेऊन दाराखालून तांबूस पाणी ओघळलं. मी ओरडलो, रगत, मामा, रगत! दुसरा धोंडा घातला. फडताळावरचं भांडं पडलं, मांजर खिडकीतून बाणासारखं बाहेर आलं, आणि मी निवडुंगात जाऊन बसलो. बसलो म्हणजे खरंच बसलो. पुढे आठ दिवस पालथा झोपत होतो.

त्या आरडाओरड्याने पाडा दचकला. दारं उघडली नाहीत, मीच बजावलं होतं ना. पण फटी उघडल्या. तीन वर्षं मी बावीस घरांच्या फटीतून आत बघत आलो, त्या दिवशी बावीस घरं फटीतून माझ्याकडे बघत होती.

घाबरून तोंडातलं पान कडवट झालं होतं. मी कुंपणातून उठलो आणि थुंकलो.

लालभडक शिंतोडा. दाराजवळच्या त्या शिंतोड्यांच्या अगदी शेजारी.

मी त्याच्याकडे बघितलं. मामानेही बघितलं. मग मामा वाकला, अगदी नियमाप्रमाणे, जवळून निरखलं आणि म्हणाला, "हे ताजं हाय."

तेवढ्यात वरून बार ऐकू आला. एकच.

नंतर कळलं, डुक्कर करवंदीच्या पहिल्याच जाळीत होतं, मी हात वर करून नाचलो तिथून वीस पावलांवर, आमच्याकडे तोंड करून. धर्मादादाला ते पानांच्या हालचालीवरून आधीच कळलं होतं. जाळीत जायच्या आधी त्याला एकच काम उरकायचं होतं. मला तिथून हलवायचं होतं, आणि तेही मला बोलू न देता.

मी आत गेलो, पाणी पुसलं, खापऱ्या गोळा केल्या आणि दाराला आतून कडी घातली. तीन वर्षांत पहिल्यांदा दुपारी बाहेर पडलो नाही. संध्याकाळ झाली. कुंपणापलीकडे चूल पेटली, वास आला, हसणं आलं. आज ते कशाला हसतायत, ते विचारायला जायची गरज नव्हती. भाकरी केलीच नाही. पानही लावलं नाही.

मग दारावर भाल्याची काठी वाजली.

"मास्तर, हायस का?" पोशामामा बाहेरून म्हणाला. "सांजच्याला सगळी दारं बघून आलो. एका बी दारात ताजं रगत नाय. म्हटलं, जनावर मेलं का काय, माग काढून बघू."

मी कडी काढली. मामाने माझा दंड धरला आणि कुंपणाला वळसा घालून मला अंगणात नेलं. पंगत बसली होती, पण वाढलं नव्हतं. धर्मादादाच्या उजव्या हाताची जागा मोकळी होती. कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसू दाबलं. धर्मादादाने हाताने जागा झाडली.

"पहिलं रगत मास्तरांनी काढलं," तो म्हणाला. "नियम तो नियम."

काटे सांभाळत मी बसलो. किती जेवलो, ते विचारू नका. डुकराचं मटण फारसं आवडत नाही म्हणालो ना, ते खोटं होतं.

जेवण झाल्यावर धर्मादादाने तबक पुढे घेतलं, स्वतःच्या हाताने विडा लावला, कात जरा जास्तच घातला आणि माझ्या हातावर ठेवला.

"मास्तर, घरी जाताना नीट थुंकत जा," म्हणाला. "सकाळला माग काढायचा हाय."

सगळं अंगण हसलं. मीही हसलो. आता तुम्हीही हसा, मी परवानगी दिली.

माझं दार तिथून तीस पावलांवर. खोटं कशाला सांगू, मी दर तीन पावलांना थुंकत गेलो.