एकाच ताटातला गूळ

माझा धाकटा दीर मला कधीच आवडला नाही. नवरा होता तोवर मी ते गिळलं. तो गेल्यावर गिळायचं कारण उरलं नाही.

घोडपदेवला आमचा तबेला होता. घोडे बहुतेक दुसऱ्यांचे. व्हिक्टोरियावाले आपली जनावरं आमच्याकडे बांधत. दाणा, वैरण, खरारा सगळं महिन्याच्या बोलीवर. आमचा स्वतःचा एकच, पांढरा, वरातीला जाणारा. नवऱ्याने त्याला शिंगरू असल्यापासून वाढवला होता. माझ्या हाताचा वास आला की तो मान खाली घालायचा, दुसऱ्या कुणासाठी नाही.

महाराष्ट्र मिळाला त्या उन्हाळ्यात भायखळ्याच्या एका तबेल्यात शेंबा निघाला. या रोगात घोड्याचं नाक चिकट वाहतं, अंगावर गाठी फुटतात आणि औषध काही नाही. सरकारी डॉक्टर येतात ते बंदूक घेऊनच. मी त्याच दिवशी फाटकाला कुलूप घातलं. नवा घोडा आत नाही. प्रत्येकाची बादली वेगळी, तोबरा वेगळा. रस्त्यावरच्या हौदात पाणी पाजलं तर जनावर परत आणू नका, असं गाडीवाल्यांना बजावलं. ते कुरकुरले. कुरकुरा म्हटलं, कुरकुरून कुणी मरत नाही.

मग दीर उगवला. लालबागला राहायचा, मंडळाचा पुढारी होता. चळवळीत लोकांनी लाठ्या खाल्ल्या, ह्याने भाषणं केली.

"वहिनी, परवा मिरवणूक आहे. महाराजांच्या वेशात मी बसतोय. आपला पांढरा लागेल."

"घोडा बाहेर जाणार नाही, भावजी. रोग आलाय."

"अख्खा महाराष्ट्र नाचतोय आणि तुला घोड्याचं नाक दिसतंय?"

"हो. ते मलाच पुसावं लागतं."

मिरवणुकीच्या सकाळी तो आपल्या चाळीतली माणसं घेऊन आला. दगडाने कुलूप फोडलं आणि घरचाच घोडा आहे, चोरी कसली, म्हणाला. मी आडवी आले तर दोघांनी मला बाजूला धरून ठेवलं. महाराजांची दाढी चिकटवलेला माझा दीर माझ्या घोड्यावर बसून निघाला.

मी मागोमाग गेले. लालबागला ठिकठिकाणचे पाच-सहा घोडे एका ओळीत उभे केलेले. आमच्याकडे घोडा दारात आला की ओवाळून त्याला गूळ आणि भिजवलेली डाळ खिलवतात. चाळीतल्या बायका नटूनथटून पितळी ताट घेऊन उभ्या होत्या. ताट एकच. एका घोड्याने तोंड घातलं की ते पुढच्यापुढे. आमच्या पांढऱ्याच्या आधी एक तांबडा होता आणि त्याचा मालक पंच्याने त्याचं नाक सारखं पुसत होता.

"ते ताट फेका!" मी ओरडले. "त्या तांबड्याला रोग आहे!"

"चांगल्या दिवशी ही पांढऱ्या पायाची कुठून आली?" एक बाई म्हणाली. कुणीतरी मला मागे ढकललं. गर्दीतून मला दिसलं, आमचा घोडा मिटक्या मारत डाळ खात होता.

संध्याकाळी दीर गुलालाने माखलेला घोडा परत घेऊन आला. मी नवं कुलूप लावून फाटकाच्या आत उभी राहिले.

"उघड ना! तुझाच घोडा आहे."

"आत आठ घोडे आहेत, भावजी. त्यांच्यावर आठ घरं जगतात. ह्याला तुमच्याकडे न्या."

घोड्याने गजातून नाक पुढे केलं, माझ्या हाताशी. मी हात मागे घेतला. त्यासाठी मी दिराला आजही माफ केलेलं नाही.

दिराने त्याला आपल्या चाळीच्या मागे बांधला. थोड्या दिवसांनी नाक वाहायला लागलं, मग गाठी आल्या. डॉक्टर आले. घोडा बुजत होता, धरायला ओळखीचं माणूस हवं म्हणून मला बोलावणं आलं. दीर जिन्यावरून बघत होता. मी हाताला फडकी गुंडाळून लगाम धरला. त्याने नेहमीसारखी मान खाली घातली आणि डॉक्टरांना काम सोपं झालं.

आवाज विरल्यावर दीर खाली उतरला. चाळ गोळा झाली होती आणि माणसं दिसली की त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रडू नको वहिनी. महाराष्ट्रासाठी हुतात्मा झाला समज."

त्याच चाळीत एका आईचा मुलगा चळवळीतल्या गोळीबारात गेला होता. ती समोरच उभी होती.

मी त्याच्या कानाखाली वाजवली. कुणीही मधे पडलं नाही. मी दुसरीही मारली.