दोन दुकानांतली जोडी

आज टाकीतल्या करवंटीखालून ती पिल्लं घेऊन बाहेर आली. बोटभर लांबीचीही नसलेली मादी, अंडी दिल्यापासून हळदीसारखी पिवळी झालेली, आणि तिच्याभोवती टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं. मला आनंद व्हायला हवा होता.

नर मी एका दुकानातून आणला, मादी दुसऱ्या दुकानातून. या बुटक्या सिक्लिड माशांच्या जवळच्या जातींत नर शेपटीवरून ओळखू येतात, माद्या मात्र सगळ्या सारख्याच दिसतात. मी दुकानदाराच्या शब्दावर टाकीला जातीच्या नावाची चिठ्ठी चिकटवून मोकळा झालो.

काल मासे पाळणारे माझे शेजारी, काका, भिंग घेऊन बराच वेळ बघत बसले.

"मादी दुसऱ्या जातीची वाटते रे. हिची पिल्लं कुणाला देऊ नकोस. एकदा भेसळ पसरली की अस्सल जात मिळायची नाही."

"मग त्यांचं करू काय?"

 काकांनी नुसतं मोठ्या माशांच्या टाकीकडे बघितलं.

चिठ्ठी नसती तर ही नुसती पिल्लं असती. आता ती माझी चूक झाली आहेत.

मी काचेशी वाकलो, तशी मादी कल्ले फुगवून माझ्यावर धावून आली. पिल्लं वाळूला चिकटली. ती कोण, हे मला अजून ओळखता आलेलं नाही. तिने मला ओळखलं आहे.