फुलकोबीमागचं बोंड

परवा रविवारी आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण झाला. दारव्ह्याजवळचं आमचं छोटंसं गाव, मंडळीही मोजकीच. ज्याने त्याने आपल्या शेतातलं पहिलं पीक आणून वेदीसमोरच्या टेबलावर ठेवायचं, ही आमची जुनी रीत.

टेबल सजवायचं काम दरवर्षी माझ्याकडे. संडे स्कूलची टीचर ना मी... थोडी ऐट असतेच.

यंदा बोंडअळीने सगळ्यांचा कापूस खाल्ला, आमचाही. तो किडका, पिवळा कापूस देवापुढे कुठल्या तोंडाने न्यायचा? म्हणून मी आदल्या दिवशी दारव्ह्याच्या बाजारातून पांढरीशुभ्र फुलकोबी आणली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. चर्चचे पाळकसाहेब कौतुकाने म्हणाले, यंदाही देवाने तुमच्या शेताला भरभरून दिलं. मी नुसती हसले...

तेवढ्यात सारा आली. सात वर्षांची, माझ्याच वर्गातली. मागे तिच्या बाबांना फवारणी करताना विषबाधा झाली होती. यवतमाळच्या दवाखान्यात होते, डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

तेव्हा मीच वर्गात सांगितलं होतं, की बापाकडे जसं हक्काने मागतो तसं देवाकडे मागायचं. ती रोज मागत राहिली. आणि गेल्या आठवड्यात बाबा घरी आले... स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता बघत, स्वतःच्या पायांनी चालत.

साराने रुमालाची गाठ सोडली आणि एक बोंड माझ्या हातात दिलं. अर्धवट फुटलेलं, एका बाजूने काळं, कापूस पिवळट. "टीचर, बाबा दवाखान्यात होते नं, तं वावरात कोणीच गेलं नाही. पण हे पह्यलं हाय. म्या देवाले कबूल केलतं."

मी 'छान हं' म्हटलं. ती बाबांशेजारी जाऊन बसली आणि मी ते बोंड हळूच फुलकोबीच्या मागे सरकवलं. फोटो काढायचे होते ना...

उपासना संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि टाचा उंचावून शोधू लागली. "टीचर, मायं बोंड काहून दिसून नाही राह्यलं?"

मी चक्क खोटं बोलले. म्हटलं, गर्दीत पडलं असेल गं कुठेतरी.

वाटलं, आता भोकाड पसरणार. पण ती जराशी थांबली आणि माझीच समजूत काढल्यासारखी म्हणाली, "राहू द्या टीचर. म्या आणलं होतं, देवाले ठाऊक हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फुलकोबी बाजूला केली, बोंड काढून तिच्या हातात ठेवलं. सांगून टाकलं, मीच लपवलं होतं... खराब होतं म्हणून.

तिने बोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली नाही, तिला नुसतं कोडं पडलं होतं. "पण टीचर, आमच्या वावरात चांगलं नव्हतंच नं." एवढं बोलून तिने ते बोंड फुलकोबीच्या जागी, मधोमध ठेवलं आणि बाबांचं बोट धरून घरी गेली.

फुलकोबी बाजारातली होती, हे मी मग पाळकसाहेबांना सांगितलं. चार बायका उभ्या होत्या, त्यांच्यासमोरच. मान वर करवली नाही.

आमच्याकडे कापूस विकायला नेला की खरेदी केंद्रावरचा ग्रेडर मूठभर उचलून बघतो आणि माल पिवळा दिसला की गाडी परत पाठवतो. इतकी वर्षं मी पोरांना 'देव आपला बाप आहे' असं शिकवलं... आणि स्वतः मात्र त्याला ग्रेडर समजत आले.

आज सकाळी घरातला तो किडका कापूस ओंजळभर घेऊन चर्चमध्ये गेले. साराचं बोंड टेबलावर तसंच होतं. लाज अजून गेलेली नाही... पण या वेळी काही लपवलं नाही, तिच्या बोंडाशेजारी आमचा कापूस ठेवून आले.