घळीतून आलेली ओ

उन्हाळ्यात पेठ रस्त्याने जाताना डोंगराच्या अंगावर जळालेले काळे पट्टे दिसले, की मला ती केस आठवते. सेवेत याहून मोठे गुन्हे हाताळले आणि बरेचसे विसरलो. ही राहिली. नावं कोणाचीच देत नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून तिथल्याच पाड्यावर राहतात.

तेव्हा मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं लहान, जीप एक, माणसं नेहमीच कमी. होळीच्या आसपास वणवे सुरू व्हायचे. वणवा हे खरं तर वनखात्याचं काम. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर येतो आणि ते पाला उडवून आग तोडणारे ब्लोअर घेऊन धावतात. पाड्यावरची माणसं बहुतेक वेळा त्यांच्या आधी पोचून ओल्या फांद्यांनी आग झोडपत असतात. आमच्याकडे कागद येतो तो कोणी भाजलं तर.

त्या वर्षी एक वनमजूर भाजला. नाशिकला सरकारी दवाखान्यात नेला, पण शुद्धीवर आलाच नाही. मृत्युपूर्व जबाब घ्यायला गेलेला माझा हवालदार कोरा कागद घेऊन परत आला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली.

इथे आग विझवायची एक पद्धत सांगणं भाग आहे. चढावर धावत येणाऱ्या वणव्याला थेट भिडता येत नाही. म्हणून माथ्यावर आधीच गवत जाळून एक पट्टा मोकळा ठेवतात. त्याला जाळरेषा म्हणतात. वणवा जवळ आला की या पट्ट्याच्या कडेने माणसं मुद्दाम दुसरी आग लावतात. ती उतारावरचं गवत खात खाली जाते. दोन्ही आगी भिडल्या की जळायला काही उरत नाही. अट एकच. मध्ये माणूस नको. त्यासाठी त्या भागात रीत आहे. काडी ओढण्याआधी वरचा माणूस हाळी देतो. खाली उतरलेला माणूस उघड्या कातळावर पोचला असेल तर तो ओ देतो. ओ आली नाही, तर आग लावायची नाही.

त्या दिवशी घळीत कोणाची गुरं अडकली आहेत का, ते पाहायला हा वनमजूर उतरला होता. माथ्यावर आग लावायचं काम त्याच्या मेहुण्याकडे, म्हणजे बायकोच्या भावाकडे होतं. ते वनपालांनी नेमून दिलं होतं आणि ते स्वतः जाळरेषेच्या दुसऱ्या टोकाला ब्लोअरवाल्यांबरोबर होते.

तेराव्याच्या आधीच ठाण्यात फोन आला. घळीच्या पलीकडच्या उतारावर शहरातल्या एका माणसाचा बंगला आहे, तिथला राखणदार बोलत होता.

"साहेब, तो अपघात नाय. खाली माणूस हाय हे माहीत असून त्यानं वरून पेटवलं. मी डोळ्यानं पाह्यलं. दोघांचं भांडान होतं, चहाच्या टपरीवर इचारा कोनालाही."

विचारलं. खरं निघालं. दोन उन्हाळ्यांपूर्वी वनमजुराच्या मुलीच्या लग्नात मामाचा मान या मेहुण्याला न देता दुसऱ्यालाच दिला होता. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. वनपाल म्हणाले, ब्लोअरच्या आवाजात आम्हाला हाळी ऐकू आली नाही आणि ओही नाही. मयताच्या बायकोला विचारलं. ती चुलीपुढून उठलीही नाही.

"माझ्या भावानं मारला का, ते तुमी सांगा मला," ती म्हणाली. "मी त्याला घरात घेऊ का नको, तेवढं सांगा."

मेहुण्याला चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा, वाळलेला माणूस. डाव्या हाताला पट्टी होती. खाली उडी टाकून दाजीला त्यानेच बाहेर काढलं होतं.

"आग कोणी लावली?"

"मी लावली."

"खाली दाजी आहे, हे माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

पुढे काही नाही. हवालदार वैतागला. "अरे बाबा, तोंड उघड. खुनाचं कलम लागंल. माझी पोरगी परीक्षेत उत्तर येत नसलं तरी तुझ्यापेक्षा जास्त लिहिते."

त्याने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. त्याने गुन्हा कबूल केला होता, हेतू लोकांनी पुरवला होता आणि साक्षीदार स्वतःहून आला होता. केस संपवायला एवढं पुष्कळ होतं. पण मारायचं असतं तर हा खाली उडी टाकायला गेला नसता, हे मनातून जात नव्हतं. मी त्याला चहा दिला, हवालदाराला बाहेर पाठवलं आणि प्रश्न बदलला.

"हाळी दिली होती का?"

"दिली."

"ओ आली?"

त्याने कप खाली ठेवला. "आली," तो म्हणाला. "घळीतून आली. तो कातळावर पोचला असंल म्हून लावली."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"काय सांगू? कातळावर न पोचता त्यानं ओ दिली, म्हंजे चूक त्याची. मेल्या मानसाची चूक बहिनीला कशी सांगू?" मग म्हणाला, "दोन वर्सांनी त्यानं मला ओ दिली होती, साहेब. तेवढीच."

मी त्याला घरी जाऊ दिलं आणि बंगल्यावर गेलो. साक्षीदाराचा जबाब त्याच्या जागेवर उभा करून घ्यायचा, ही माझी सवय. त्याला जे सांगावंसं वाटत नाही, ते तिथे निघतं. हा राखणदार मूळचा सिन्नरकडचा, शेतीतला माणूस. या डोंगरात नवा. व्हरांड्यात उभं राहून त्याने सगळं क्रमाने सांगितलं.

"तो वर उभा होता. त्यानं हाळी दिली. मग वाकला आन् पेटवलं."

"हाळी इथे ऐकू आली?"

"मंग काय. मी ओ दिली ना."

हवालदार लिहीत होता, तो थांबला.

"तू दिलीस? ती तुला होती का?"

"कोनाला होती काय माहीत. आमच्याकडं मळ्यात हाळी आली की ज्याला ऐकू जाईल तो ओ देतो. मानूस चुकलेला असतो, कुनाला जनावर चावलेलं असतं. गप कसं बसायचं?"

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन माथ्यावर गेलो. मेहुणा होता, वनपाल होते. मयताची बायको न बोलावता आली आणि जरा लांब उभी राहिली. एक शिपाई राखणदाराजवळ बंगल्यावर होता. मी मेहुण्याला हाळी द्यायला सांगितलं. त्याने दिली. बंगल्यावरून राखणदाराने ओ दिली. ती समोरच्या कड्यावर आपटून आली आणि आम्हा सगळ्यांना घळीच्या तळातून आल्यासारखी वाटली. पंचांपैकी एक तर वाकून खाली पाहू लागला.

मी मेहुण्याला नीट समजावून सांगितलं, की ओ दाजीची नव्हती, पलीकडच्या माणसाची होती, आणि तुझी चूक नाही, दाजीचीही नाही. मला वाटलं होतं, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तो खाली बसला.

"म्हंजे त्यानं नायच दिली," तो म्हणाला.

बहीण पुढे आली आणि त्याच्या पट्टीच्या हाताला धरून त्याला उठवू लागली.

"वणव्याच्या आवाजात तुझी हाळी खाली ऐकू गेली नसंल, दादा. गेली असती तर दिली असती. आता घरी चल."

तो उठला. दोघं पाड्याकडे उतरले. राखणदाराला मी बंगल्यावर जाऊन सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "मग मी काय करायचं होतं?"

गैरसमजातून घडलेली घटना म्हणून अहवाल पाठवला. दंडाधिकाऱ्यांनी तो स्वीकारला. वनपालांना सुचवलं, की यापुढे खालच्या माणसाने नुसती ओ न देता स्वतःचं नाव घेऊन ओ द्यावी. ते त्यांनी लगेच सुरू केलं. साधी गोष्ट आहे, तिच्यासाठी कुठला निधी लागत नाही.

या केसने मला शिकवलं, की कबुली ही फक्त विचारलेल्या प्रश्नाची असते. आग कोणी लावली, एवढंच विचारत राहिलो असतो, तर एक माणूस आयुष्यभरासाठी तुरुंगात गेला असता आणि तिथेही तो बोलला नसता.

मूळ वणवा कोणी लावला, ते मात्र कळलं नाही. रस्त्याकडेच्या गवतातून सुरू झाला, एवढं वनखात्याने नोंदवलं. मी पुष्कळ माणसं तपासली. कोणी गाडीतून विडी टाकली असेल, कोणी नव्या गवतासाठी पेटवलं असेल. त्या आगीत ज्यांचं घर मोडलं, ज्यांची झोप गेली, ते सगळे ती विझवायला आलेले होते. ज्याने लावली, तो त्या दिवशी वेळेवर घरी पोचला असेल आणि जेवला असेल.