तीन राब

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आंबेगाव तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी मी आठवीला मराठी शिकवत होते. वर्गात बागायतदारांची मुलं, पेठेतल्या मारवाडी जैन दुकानदारांची मुलं आणि वसतिगृहात राहणारी, वर डोंगरातल्या तळेघरकडची मुलं. ती एकमेकांशी भांडत नसत. बोलतच नसत, तर भांडणार काय कपाळ!

तळेघरची एक मुलगी तर मूग गिळून बसायची. शिमग्याला बाप येऊन तिला घरी नेणार होता, तेही कायमचं. 'हितं माज्याशी कोन बोलत न्हाई,' एवढंच तिचं म्हणणं. पोर हुशार होती. मला वाईट वाटायचं.

शिमगा तोंडावर आला तेव्हा एकदा वर्गात विचारलं, सुट्टीत घरी काय काम करता? ती चक्क उठली. म्हणाली, 'आमी राब भाजतो.'

पेठेतला एक मुलगा फिस्सकन हसला. 'राब भाजतात कुठं? राब पितात! आजी करते आमची, ताकात बाजरीचं पीठ शिजवून.'

मागून बागायतदाराचा मुलगा म्हणाला, 'राब म्हंजी राबायचं, राव! त्यात भाजायचं काय न् प्यायचं काय!'

सगळे खिदळले. ती मटकन खाली बसली.

माझं डोकंच फिरलं. छडी शोधली, सापडली नाही, ते बरंच झालं. म्हटलं, 'आता प्रत्येकानं दुसऱ्याचा राब सांगायचा. ज्याचा आहे तो "व्हय" म्हणेपर्यंत बसायचं नाही.'

पेठेतला मुलगा उभा राहिला. 'राब म्हणजे शेत पेटवतात.'

'न्हाई,' ती खाली बघून म्हणाली.

'गवत पेटवतात?'

'न्हाई रं! पालापाचोळा न् शेन अंथरून भाजायचं. तण मरतं. मंग पावसाला तितंच भाताचं रोप करायचं.'

त्यानं ते जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा कुठे तिनं 'व्हय' म्हटलं. मग तिची पाळी. ती पिण्याच्या राबेवर आली, ताकापाशी पोचली आणि मिठाशी अडली. मीठ आधी की मागून, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आजीला विचारून येतो म्हणाला. तेवढ्यात घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच तिचा बाप वसतिगृहाच्या दारात हजर. पेटी उचलायला वाकला, तर ही पेटीवरच बसली.

'आज नगं, बा. माजं बोलनं अर्दं ऱ्हायलंय.'