अक्काची चूल आणि माझं कच्चं खाणं

दूध-तूप सोडून मला वर्ष झालं. या थंडीत त्यावर कडी केली: महिनाभर शिजवलेलं काहीच खायचं नाही. नवरा म्हणाला, घरात जमेल, पण प्रवासात पहिल्याच स्टँडवर शेपूट घालशील. मग काय, दुसऱ्या दिवशी मी स्वारगेटवर हजर.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे टप्प्याटप्प्यानं जाणं परवडतं. वाईला सकाळीच पोचा, घाट रिकामा मिळतो. तिथे कृष्णेकाठी बसून स्ट्रॉबेरी आणि काकडी खाल्ली. साताऱ्यात मात्र कसोटी लागली. कंदी पेढा दुधाचा, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. स्टँडबाहेरच्या गरम भज्यांनी जीव घेतला. मी मोडाची कच्ची मटकी चावत बसले. खरं सांगते, त्या मटकीनं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं, पण माघार घेईन तर शपथ!

पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रांगते, वेळ जास्तच धरा. संध्याकाळी इस्लामपूरजवळ मावसबहिणीच्या, म्हणजे अक्काच्या वस्तीवर पोचले. मी फक्त कच्चं खाते, हे तिला फोनवर सांगितलं होतं. तिनं पेरू, गाजरं, कोवळी मेथी मांडून ठेवली होती. पेरू कापताना तिचा हात थरथरत होता, कपाळावर घाम. तिला मधुमेहाची गोळी चालू आहे. जेवलीस का, विचारलं.

"तुजा नेम हाय न्हवं? पावनी चुलीचं खाईना, आन् मी भाकरी मोडू व्हय?"

माझ्या हट्टाला ती व्रत समजली होती. सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर चूलच पेटवली नाही. मला स्वतःचाच राग आला. उपाशीपोटी साखर उतरली असणार, म्हणून आधी तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला, मग चूल मीच पेटवली.

"अगं, नेम मोडंल की," ती म्हणाली.

"मोडू दे."

माझी भाकरी जाडजूड आणि करपलेली. पण मी खाल्ल्याशिवाय ती घास उचलेना, म्हणून मीही बसले. सोबत शिजवलेली मटकी, आणि शेजारी कच्ची मेथी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. इथल्या ताटात दोन्ही कायमच शेजारी असतात, माझ्याच ते लक्षात राहिलं नव्हतं. रात्री पोटही शांत होतं.

घरी नवरा हसायला टपलेलाच. त्याला स्पष्ट सांगितलं: फळं, काकडी, मेथी कच्ची, कडधान्यं शिजवून, दूध-तूप अजूनही नाही. हा नियम मी हरून नाही, ठरवून केलाय, आणि तो महिन्यापुरता नाही.

काल दुपारी अक्काचा फोन आला. भाकरी खाल्लीस का, एवढंच विचारलं. हो म्हटलं.

"मग बसती मी जेवायला," म्हणाली आणि फोन ठेवला.