यांच्या नाटकात मी नाही!

बाळाची दुपटी आणि आमच्या घरातले किस्से, दोन्हींचा ढीग कमी होत नाही. एक वाळत घालावं, तोवर दुसरं ओलं! आमचे हे नाटकांचे पडदे रंगवतात आणि नाटकंही लिहितात, तीही वऱ्हाडीत. गावात कोणी काही बोललं, की गेलंच ते नाटकात! म्हणून लग्नानंतर मी पहिलं वचन घेतलं: मला नाटकात घालायचं नाही. चार बुकं शिकलेली मी, लोकांचं हसू कशाला होऊ?

*

शिरपूरच्या एका शेटजींना वारलेल्या वडिलांची तसबीर हवी होती. फोटोसाठी वडील कधी अकोल्याला गेलेच नव्हते! यांनी शेटजींचंच तोंड काढलं, वर पांढऱ्या मिशा चढवल्या. तसबीर उघडली, तर शेटजींच्या आईनं चटकन डोक्यावर पदर ओढला आणि दाराआड झाली!

*

शेलूबाजारला यांचा देवळाचा पडदा पाहून लोकांनी वहाणा काढल्या, नारळ फोडला. पुढं दरबाराचा प्रवेश. पडदा गुंडाळायला घेतला, तर म्हातारे उठले. "देव गुंडाळता का रे?"

दरबार देवळातच भरला. राजा अनवाणी आला!

*

"राजा कधी असा बोलतो का?" यांच्या नाटकातल्या राजाची वऱ्हाडी ऐकून शाळेच्या मास्तरांनी जाब विचारला.

हे म्हणाले, "त्याची माय रिसोडची. मंग तो कसा बोलन?"

तेव्हापासून माझं शाळेतलं मराठी मी घरात जपूनच वापरते.

*

बाळ झोपलं, की मी नाकाशी बोट धरून श्वास पाहते. त्यानंच ते उठतं! कोणी उचललं, की मी आधी ओरडते, "मान धरा!" सासूबाई म्हणतात, "म्या सात लेकरं वाढोली, एकाचीबी मान मोडली नाही. तुले काहून एवढा घोर?"

शिरपूरच्या जत्रेत दुपारी यांचं नवं नाटक लागलं. आईचं काम गणपत शिंप्याकडे, मिशा काढून. त्यानं कापडाचं बाळ उचललं ते बकोट धरून. मान लटकली! आणि मी मांडवात उभी, "अहो, मान धरा! मान!"

सगळा मांडव हसला. घरी मी रडकुंडीला आले. हे म्हणाले, "मी कुठी घातलं तुले? तूच तं आली!"

रिठदच्या खेळाला गणपतनं मुद्दाम मान लटकवली आणि माझ्याकडे पाहत थांबला. लोक वळले. हे विंगेतून डोकावले. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आज मी जिंकणार होते!

तेवढ्यात शेजारून सासूबाई ताडकन उठल्या.

"अरे गणप्या, मान धर नं लेकराची!"